सिंधूमावशीच्या हातची बोहनी

आमच्या घरकुलात मोबाईलचं रिचार्ज मिळतं, शाम्पूची पाकिटं मिळतात, लहान पोरांना रडायचं थांबवायला नाना तऱ्हेचे कुरकुरीत पुडे मिळतात. रात्री कुणाला हवीच असेल तर आणखीही एक वस्तू मिळते, तिचं नाव मी घेत नाही. मेथीची जुडी मात्र मिळत नाही.

नदीकाठची आमची वस्ती उठवून आम्हाला इकडं आणलं तेव्हा पक्कं घर मिळालं म्हणून आम्ही पेढे वाटले होते. घर पक्कंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतून गोदावरीपलीकडचं नांदेड अख्खं दिसतं. पण बाजार तिकडंच राहिला. जुन्या वस्तीतून आम्ही चालत इतवाऱ्याला जायचो आणि पिशवी भरून यायचो. आता ऑटोला जेवढे पैसे जातात तेवढ्यात भाजीच आली असती, म्हणून ऑटोही नको आणि भाजीही नको, असं होऊन बसलं आहे. आणि खरी चीड कशाची येते सांगू का? मुदखेडकडून भाजी भरून येणारे टेम्पो रोज सकाळी आमच्याच फाट्यावरून शहरात जातात. कोथिंबिरीचा वास आमच्या खिडक्यांपर्यंत येतो. वास फुकट असतो, म्हणून तेवढा आमच्या वाट्याला येतो.

खाली शिवशंकरचं किराणा दुकान आहे. शिवशंकर माणूस वाईट नाही, अडीनडीला उधार देतो. पण त्याचं एक ठरलेलं बोलणं आहे, "पुनमताई, पालेभाजी ठिवली की दुपारच्याला मान टाकते. पुडा कधी मान टाकत न्हाई." म्हणून त्याच्याकडं बटाटे, कांदे, लसूण आणि सुरकुतलेल्या मिरच्या. मी ब्लाउज शिवते. बायकांची मापं माझ्याच टेपखालून जातात, त्यामुळं इथं आल्यापासून दंड बारीक होत गेले आणि पोटं सुटत गेली हे मला कुणी सांगायला नको. बटाट्यानं पोट भरतं, एवढंच.

माझ्या समोरच्या दारात सिंधूमावशी राहते. मूळची हदगावकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बजरंग लातूरला डाळीच्या मिलमध्ये कामाला, रविवारपुरता घरी येतो. घरात मावशी आणि सून तनुजा, दोघीच. तनुजा पहिलटकरीण. पोरगी गुणाची, पण अंगात रक्त नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली की आत पांढरंफटक दिसायचं.

दवाखान्यात भिंतीवर एका ताटाचं चित्र लावलेलं आहे. त्यात पालक, गाजर, बीट, अंडं, उसळ, आणि कडेला चिरलेलं सफरचंद. नर्सबाई चित्रावर पट्टी टेकवून सगळ्यांना सांगतात, हिरवं खा, लाल खा, पिवळं खा. हे कुठून आणायचं ते चित्राखाली लिहिलेलं नाही. तनुजाला रक्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या तिला सोसत नव्हत्या, गोळी घेतली की उलटून पडायची. डॉक्टरीणबाईंनी मावशीला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. रक्त असंच राहिलं तर बाळंतपणात पोरीच्या जिवाला धोका आहे. गोळी पोटात ठरत नसेल तर निदान ताटात रोज हिरवी भाजी पाहिजे.

त्या वेळी हे मावशीला फार अवघड नव्हतं. ती शहरातल्या एका मोठ्या कॉलनीत स्वयंपाकाला जायची. त्या कॉलनीच्या तोंडाशी नासिरभाईंची भाजीची गाडी सकाळी पहिल्यांदा उभी राहायची. जुन्या मोपेडला जोडलेली गाडी, वर ताडपत्रीचं छप्पर आणि बाजूला पाणी शिंपडायची बाटली. कॉलनीतल्या मॅडम उठायच्या आत मावशी तिथं पोचलेली असायची. त्यामुळं पहिलं गिऱ्हाईक तीच.

आता पहिल्या गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी असते. त्याला परत पाठवायचं नाही, त्याला उधार द्यायचं नाही, आणि भावात त्याच्याशी फार ताणायचंही नाही. त्यानं दिलेली नोट कपाळाला लावायची आणि मगच गल्ल्यात टाकायची. बोहनी चांगली झाली तर दिवस चांगला. हे सगळेच विक्रेते मानतात, पण नासिरभाई जरा जास्तच मानायचे. एक दिवस ते मावशीला म्हणाले, "सिंधूबाई, तुमच्या हाताला बरकत हाय. तुम्ही बोहनी केली की दुपारपर्यंत गाडी खाली होते. म्या आजमावून बघितलं." तेव्हापासून ते तिच्या जुडीवर मूठभर कोथिंबीर जास्तीची टाकायला लागले.

मावशीनं ही गोष्ट मला सांगितली ती काहीच विशेष नसल्यासारखी. पण सांगताना ती स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होती. भांडी घासून खरखरीत झालेला तो हात. मी म्हटलं, "मावशी, आता मलाही त्या हातानं एक रुपया द्या, माझं मशीन जोरात चालू दे." ती हसली आणि पदर सारखा करत आत गेली.

त्याच सुमाराला तनुजाचं डोहाळजेवण झालं. इमारतीतल्या आम्ही सगळ्या बायका जमलो होतो. तळमजल्यावरच्या सिद्धम्मा, देगलूरकडच्या, आमच्याकडच्या सगळ्या हळदीकुंकवाचा कारभार त्यांच्याकडं. कुणाचं काय, कधी, कसं करायचं ते त्या ठरवतात आणि आम्ही करतो. ओटीचं ताट मावशीनं स्वतःच लावलं होतं. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, सगळं नीट मांडून ती ताट घेऊन तनुजासमोर आली. सिद्धम्मांनी ते अलगद तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "सिंधू, तू आत बघ बरं, भात लागून राहिला का."

शेगडीवर भात नव्हताच, तो केव्हाच उतरवला होता. मावशीला ते ठाऊक होतं, सिद्धम्मांनाही होतं. मावशी आत गेली. सिद्धम्मा दुष्ट नाहीत, कुणी आजारी पडलं की पेज घेऊन पहिल्यांदा त्याच जातात. रीत आहे म्हणून त्या तसं बोलल्या. त्याचाच तर मला जास्त राग येतो, कारण दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. मग आम्ही एकेकीनं तनुजाची ओटी भरली आणि तिची सासू तेवढा वेळ स्वयंपाकघरात रिकाम्या शेगडीजवळ उभी राहिली.

पुढं आठवा लागला आणि तनुजाला उभ्या उभ्या चक्कर यायला लागली. तिला एकटीला ठेवून जाणं शक्य नव्हतं, म्हणून मावशीनं काम सोडलं. काम सुटलं तशी भाजी सुटली. रोज बटाटा. कधी बेसन, कधी नुसतं वरण. मावशी फाट्यावर जाऊन टेम्पोवाल्यांना हात करून बघायची. एकानं थांबवलासुद्धा, पण त्याच्याकडं सगळा माल पोत्यांत शिवलेला, बाजार समितीत पोचवायचा. तो म्हणाला, "मावशी, ह्यातली एक काडी बी माझी न्हाई." तेही खरंच होतं.

शेवटी मावशीनं माझ्या फोनवरून नासिरभाईंना फोन लावला. तिला वाटत होतं ते ओळखतील की नाही. ते लगेच म्हणाले, "अहो सिंधूबाई, कुठं हाव तुम्ही? तुम्ही यायचं बंद झाल्यापासून माझी बोहनीच नीट होऊन नाही राहिली. पहिलं गिऱ्हाईक येतं ते बी भाव विचारून निघून जातं."

"मग तुम्हीच या ना इकडं," मावशी म्हणाली. "पयले आमच्याकडं या, म्या बोहनी करते, मग जा तुमच्या कॉलनीत."

मग ते म्हणाले, "तुमच्याकडं उधारी लई, असं ऐकून हाय म्या."

"उधारी होणार न्हाई. माझ्यावर सोडा."

नासिरभाई सोमवारी सकाळी येतो म्हणाले. मावशीनं फोन मला परत दिला तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

त्या दिवशी मावशीनं आमच्या तिन्ही इमारतींची दारं वाजवली. सोमवारी भाजीची गाडी येणार आहे, कुणीही उधार मागायचं नाही, अर्ध्या भावात मागायचं नाही, जुड्या उलट्यापालट्या करून टाकून द्यायच्या नाहीत. आणि शेवटी प्रत्येक दारात एक गोष्ट ती फार गंभीरपणे सांगायची, "माझ्या आधी कुणी हात लावू नका. त्यांचा माझ्या हातावर विश्वास हाय. माझी बोहनी झाली की मग तुम्ही घ्या. त्यांचा दिवस चांगला गेला तर रोज येतील."

सिद्धम्मांच्या दारातही तिनं हेच सांगितलं. मी तिच्यामागंच उभी होते. सिद्धम्मांनी भुवया वर केल्या. सवाष्णींना बाजूला ठेवून पहिला मान सिंधूचा, हे त्यांच्या हिशेबात कुठं बसत नसणार. पण त्यांना किती दिवसांपासून चुक्याची आमटी खावीशी वाटत होती. "बरं," त्या म्हणाल्या. "तुझी झाल्यावर घेऊ."

सोमवार उजाडला आणि तनुजा मोरीत चक्कर येऊन पडली. लागलं नाही, पण शुद्ध यायला वेळ लागला. मावशीनं शिवशंकरच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या ऑटोवाल्याला हाका मारल्या, आणि पोरीला घेऊन ती दवाखान्यात गेली. जाताना बोहनीचं तिच्या ध्यानातही नव्हतं, आणि असायलाही नको.

ऑटो गेला आणि थोड्या वेळानं नासिरभाई आले. काय गाडी होती. शेपू, पालक, मेथी, चुका, एका बाजूला गाजरं आणि बीट, पुढं लिंबांची टोपली. सगळ्यावर पाणी शिंपडलेलं. आम्ही बायका पिशव्या घेऊन जिन्यातच उभ्या होतो. गाडीभोवती गर्दी झाली. लेकरं गाजराकडं बघत होती, त्यांच्या आया त्यांचे हात धरून होत्या.

"घ्या बाई, घ्या," नासिरभाई म्हणाले. "ताजी हाय, आत्ताच उचलली."

आम्ही कुणी हललो नाही.

"सिंधूबाई कुठं हाय?"

"दवाखान्यात गेल्या," मी सांगितलं. "येतील. थांबा थोडं."

ते थांबले. भाजीवर पुन्हा पाणी मारलं. शिमगा होऊन गेला होता आणि ऊन आता सकाळपासूनच चटका देत होतं. नासिरभाईंनी गाडी भिंतीच्या सावलीत घेतली, आम्ही सगळ्या त्यांच्यामागं सावलीत गेलो. पिशव्या हातात, पैसे मुठीत, आणि तोंडं बंद. कुणीतरी एकीनं पालकाच्या पानाला नुसतं बोट लावलं, तर दुसरीनं तिच्या हातावर चापट मारली.

"कुणीतरी बोहनी करा की," नासिरभाई म्हणाले. "त्या येतील तवा येतील."

"नको नको," सिद्धम्मा म्हणाल्या. "सिंधूचीच व्हायला पायजे. आमचा काय भरवसा."

आम्हाला वाटलं आपण त्यांचं भलंच करतोय. ते भिडेखातर म्हणतायत, मनातून त्यांना मावशीचाच हात हवा आहे. आम्ही शहाण्या बायका शब्दाला जागत होतो. ऊन सावलीत शिरलं, मेथी मान टाकायला लागली, आणि नासिरभाईंनी एकदा आमच्याकडं आणि एकदा गाडीकडं बघितलं. मग त्यांनी मोपेड सुरू केली. गाडी फाट्याकडं वळली. एक जुडीसुद्धा न विकता, बोहनी न होता ती गाडी आमच्या दारातून गेली.

दुपारी मावशी परत आली. तनुजाला सलाइन लावून पाठवलं होतं. डॉक्टरीणबाई पुन्हा तेच बोलल्या होत्या, या वेळी जरा मोठ्या आवाजात. मावशीनं पिशवी खाली ठेवली आणि मला विचारलं, "गाडी आली होती का?"

मी सगळं सांगितलं.

"कुणी एक जुडी बी न्हाई घेतली?"

"तुम्हीच म्हणालात ना, माझ्या आधी हात लावू नका."

तिला आधी राग आला, तो माझ्यावर. मग तो राग तिच्या चेहऱ्यावरून उतरला आणि ती तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. त्या संध्याकाळी तनुजानं बटाट्याची भाजी ताटात नुसती इकडून तिकडं सरकवली.

दुसऱ्या दिवशी सिद्धम्मांना तनुजापाशी बसवून मावशी आणि मी शहरात गेलो. नासिरभाई कॉलनीच्या तोंडाशी होते. मावशीला बघून त्यांनी मान दुसरीकडं वळवली आणि कोथिंबीर निवडायला लागले.

"नासिरभाई, चूक माझी हाय," मावशी म्हणाली. "त्या बाया माझ्यासाठी थांबल्या. म्याच सांगून ठिवलं होतं."

"म्या म्हणून राहिलो ना त्यांना, करा कुणीतरी. एक बी पुढं येईना." ते रागावलेले नव्हते, दुखावले होते. "इकडं यायला उशीर झाला, तवर दुसरी गाडी येऊन गेली. सगळा पाला सुकला. आमची घरवाली, जाहिदा, म्हणाली, आता घरीच खा. दोन्ही टाइम मेथी खाऊन राहिलो आम्ही. बिगर बोहनीची गाडी जिथून निघते तिथं परत जाऊ नये, असं आमचे अब्बा म्हणायचे."

आमच्या घरात पोरगी मेथीविना पडलेली आणि यांच्या घरात मेथी खाऊन कंटाळा आलेला. मला हसूही आलं आणि रडूही. मावशीनं तनुजाचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. नासिरभाईंनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली.

"आमच्या पोरीच्या, सादियाच्या टायमाला जाहिदाचं बी असंच झालं होतं," ते म्हणाले. "ठीक हाय. एक डाव अजून येतो, उद्या. पण आता कुणासाठी थांबणार न्हाई. जी पयली येईल तिची बोहनी. मग ती कुणी बी असू द्या."

"कुणी बी असू द्या," मावशी म्हणाली. "माझा हात मधी येणार न्हाई. शब्द देते."

निघताना त्यांनी तनुजासाठी पालकाची जुडी द्यायला घेतली, पण मावशीनं ती पैसे देऊनच घेतली.

येताना ऑटोत पालकाची जुडी तिच्या मांडीवर होती. पुलावर वारा लागला तेव्हा बोलली. "तुला खरं सांगू पुनम? मला भाजीचा लोभ न्हवता. म्हंजे होता, तनुजासाठी होता. पण मला ते आवडत होतं. बजरंगचे बाबा गेल्यापासून कुठल्या चांगल्या कामात कुणी मला पुढं हो म्हणलं न्हवतं. आणि हा माणूस रोज सकाळी म्हणायचा, सिंधूबाई, आधी तुम्ही. म्या त्यालाच भुलले. पोरीच्या तोंडचा घास गेला माझ्या त्या मानापायी."

मी तिचा हात धरून बसले.

त्या संध्याकाळी मावशीनं पुन्हा सगळी दारं वाजवली. उद्या जी पहिली खाली जाईल तिनं घ्यावं, कुणीही, कुणासाठीही थांबायचं नाही. सगळ्यांनी हो हो म्हटलं.

सकाळी गाडी आली. आम्ही पिशव्या घेऊन उतरलो. मावशी शब्द पाळायला वरच थांबली होती, गॅलरीतून खाली बघत. आणि काय सांगू, पुन्हा तेच. कुणी पुढं होईना. पण या वेळी कारण वेगळं होतं. बोहनीचं एवढं रामायण झाल्यावर आता प्रत्येकीला स्वतःच्याच हाताची भीती वाटायला लागली होती. माझा हात वाईट निघाला तर? यांचा दिवस खराब गेला, गाडी कायमची बंद झाली, तर आयुष्यभर सगळ्या मलाच बोलतील. ही तिला ढकलत होती, ती हिला. मीही चार पावलं पुढं जाऊन परत मागं आले.

नासिरभाईंचा हात मोपेडच्या मुठीवर गेला.

सिद्धम्मांनी वर बघितलं. "सिंधू, खाली ये."

"म्या न्हाई," वरून मावशी म्हणाली. "म्या शब्द दिलाय."

"ये म्हणते ना. आमटीचं पाणी चुलीवर ठिवून आले मी."

मावशी उतरली. कणीक मळतानाच उठून आली होती, बोटांना पीठ लागलेलं. सिद्धम्मांनी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही, त्यांना घाई होती. "कुणा एकीचा हात नको आता," त्या म्हणाल्या. "समद्यांची मिळून बोहनी. ज्याला जे घ्यायचं ते मागाहून घ्या, पयले सगळ्यांनी थोडं थोडं एका जागी टाका. सिंधू, पदर धर."

"माझा?"

"मग कुणाचा? आमच्या समद्यांच्या हातात पिशव्या हायेत."

मावशीनं पदर पुढं घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. सिद्धम्मांनी कमरेची नोट काढून त्यात टाकली. मग मी टाकली. मग एकेक करून सगळ्या पुढं आल्या, कुणी नोट, कुणी नाणं. मावशी मान खाली घालून उभी होती. नासिरभाईंनी ते पैसे तिच्या पदरातून उचलले, कपाळाला लावले, तोंडातल्या तोंडात काही म्हणाले आणि गल्ल्यात टाकले.

"आता पयला माल कुणाला देऊ?"

"तिच्या सुनेला," सिद्धम्मा म्हणाल्या. "तिचा आठवा चालू हाय. आधी तिला."

नासिरभाईंनी पिशवी मागितली, मावशीकडं पिशवी नव्हती. पण पदर अजून तसाच धरलेला होता. त्यांनी गाडीवरून मेथीची जुडी उचलली आणि दोन्ही हातांनी त्या पदरात ठेवली. मग चुका, मग पालक, मग दोन बीट, गाजरं, आणि वर एक लिंबू. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते आपले भाजी देत होते.

आम्हाला माहीत होतं. भाजीनं हिरव्यागार झालेल्या पदराकडं आणि त्यावर झुकलेल्या तिच्या मानेकडं बघून एकेक बाई हातातली पिशवी खाली ठेवायला लागली. इतक्या वर्षांत सिंधूमावशीची ओटी कुणी भरली नव्हती. ती आत्ता, आमच्या सगळ्यांच्या हातांनी, आमच्याच डोळ्यांसमोर भरली गेली होती. मावशीच्या लक्षात आलं होतं का? आलं होतं. लिंबू पदरातल्या पदरात हलत होतं.

सिद्धम्मांच्याही लक्षात आलं. शेगडी बघायला जा असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी गाडीवरची एक कोथिंबिरीची काडी घेतली आणि मावशीच्या पदरात सगळ्यात वर ठेवली. मग वळून नासिरभाईंना म्हणाल्या, "मला चुका द्या. दोन जुड्या."

मग एकदम गलका झाला. गाजरं संपली, शेपू संपला. शिवशंकरसुद्धा दुकान सोडून वांगी बघायला आला. रिकाम्या होत चाललेल्या गाडीवर पाणी शिंपडत नासिरभाई मला म्हणाले, "उद्या याच टायमाला येऊ का?"

मावशी तोवर जिना चढायला लागली होती. पदर सोडायची तिची तयारी नव्हती आणि कठड्याला धरायला हात रिकामे नव्हते, म्हणून मी मागं राहून तिला आधार दिला. दारात तनुजा उभी होती, गाऊनवर ओढणी घेतलेली, भिंतीला टेकून. सासूचा भरलेला पदर बघून ती म्हणाली, "एवढं सगळं? थांबा आई, ताट आणते."

"ताट नको," मावशी म्हणाली. "पदर धर."

"पदर कुठाय, गाऊन हाय."

"मग ओढणी धर."

तनुजानं माझ्याकडं बघितलं. मग तिनं ओढणी पुढं घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि सासूपुढं उभी राहिली.